संयोजी ऊतक रोगांतील विरळ फुप्फुसविकार

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा (रोगप्रतिकार करणारी यंत्रणा) परक्या जंतूंऐवजी स्वतःच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांवर) उलटल्यामुळे जे रोग उद्‍भवतात, त्यांना आत्मप्रतिरक्षा रोग म्हणतात. त्यांपैकी ज्या रोगांत सांधे, त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या आणि या सर्वांना आधार देणारे ऊतक मुख्यत्वे बाधित होते, त्यांचा संयोजी ऊतक रोग असा एक गट करतात. संधिवाताभ संधिशोथ, सर्वांगीण ल्यूपस, त्वक्‌काठिण्य अथवा स्क्लेरोडर्मा, बहुस्नायुशोथ व त्वक्‌स्नायुशोथ, शेग्रेन विकार आणि मिश्र संयोजी ऊतक रोग हे या गटातील प्रमुख रोग होत. यांतील बहुतेक रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात.

या सर्व रोगांत फुप्फुसांना कमीअधिक प्रमाणात बाधा होऊ शकते. परिफुप्फुसाचा (फुप्फुसावरील पातळ दुहेरी आवरणाचा) शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, आणि वायुकोशांच्या भित्तींमध्ये तंतुमय ऊतक वाढून फुप्फुस कठीण होणे म्हणजे तंतुमयता, हे दोन विकार त्यांत नेहमीचे आहेत. त्यांखेरीज काही विकार थोड्याच रोग्यांत उद्‍भवतात. ते विरळ असले, तरी त्यांतील काही थोड्या दिवसांत प्राणघातक ठरतात व काही वेळीच ओळखल्यास बरे होतात. रोगी सांधेदुखीसाठी एका वैद्याकडे व धाप लागते म्हणून दुसऱ्याकडे जातो आणि दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे हे ध्यानात येण्यास विलंब होतो. त्यामुळे या विकारांचे महत्त्व त्यांच्या प्रमाणापेक्षा अधिक आहे.

इतिहास : ल्यूपस हा केवळ त्वचेचा रोग नसून त्यात मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस इ. अंतर्गत इंद्रियेही बाधित होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या प्रारंभी विल्यम ऑस्लर यांच्या लेखनातून स्पष्ट होऊ लागले. १९४२ मध्ये पॉल क्लेंपरर व त्यांचे सहकारी या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांनी ल्यूपस व त्वक्‌काठिण्य या रोगांत कोलॅजेन या प्रथिनयुक्त आधार-ऊतकातील बदल हा समान दुवा असल्याचे मत मांडले व त्यावरून ‘कोलॅजेन रोग’ ही संज्ञा रूढ झाली. पुढे या रोगांचे मूळ कोलॅजेनमध्ये नसून प्रतिरक्षा यंत्रणेच्या बिघाडात आहे असे आढळल्याने ती संज्ञा मागे पडली. १९४८ मध्ये एलमन व बॉल यांनी संधिवाताभ संधिशोथाच्या रोग्यांतील फुप्फुसविकृतीचे वर्णन केले. १९५३ मध्ये अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधील कोळसा खाणकामगारांत आणि १९६५ मध्ये हॉफब्रँड व बेक यांनी ल्यूपसच्या रोग्यांत दोन वेगळे विकार वर्णिले. १९७२ मध्ये शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्र संयोजी ऊतक रोग स्वतंत्रपणे मांडला. विशिष्ट प्रतिपिंडे (प्रतिरक्षा यंत्रणेने निर्माण केलेली प्रथिने) ओळखण्याच्या पद्धती १९८० नंतर विकसित होत गेल्या, तसे या विकारांचे वर्गीकरण अधिक काटेकोर झाले.

फुप्फुसे बाधित होण्याची कारणे : प्रौढ व्यक्तीच्या फुप्फुसांतील वायुकोशांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ७० चौ. मी. भरते. त्यांच्या अतिशय पातळ भित्तींत केशिकांचे (सर्वांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे) दाट जाळे असून हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघणारे जवळजवळ सर्व रक्त त्यातून जाते. म्हणून रक्तात फिरणारी प्रतिपिंडे, त्यांची प्रतिजनांशी (प्रतिपिंडे निर्माण करविणाऱ्या पदार्थांशी) झालेली संयुगे आणि चेतविलेल्या पांढऱ्या कोशिका यांचा फुप्फुसांशी सतत संबंध येतो. फुप्फुसांत संयोजी ऊतकही विपुल आहे. श्वासागणिक त्यांना फुगता व आकसता येते ते त्यामुळेच.

दुसरीकडे, फुप्फुस हे बाहेरच्या हवेशी निकट संबंध असलेले इंद्रिय आहे. धूम्रपानामुळे श्वासनलिकांच्या अस्तरातील काही प्रथिनांत रासायनिक बदल घडतात. जनुकीय प्रवणता असलेल्या व्यक्तींत अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात व संधिवाताभ संधिशोथाची सुरुवात सांध्यांत होण्याआधी फुप्फुसांत होत असावी, असा एक सिद्धांत आहे. काही व्यक्तींत सांधे सुजण्यापूर्वी अशी प्रतिपिंडे थुंकीत आढळली आहेत. दगडाच्या धुळीतील सिलिका हे दुसरे ज्ञात कारण आहे. एडिंबरो येथील बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये पाथरवटांत त्वक्‌काठिण्याचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदविले आणि १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड येथील सोन्याच्या खाणींतील कामगारांविषयी एरॅस्मस यांनी तसेच निरीक्षण प्रसिद्ध केले. दगड फोडणे, घडविणे, खाणकाम व ओतकाम हे व्यवसाय या दृष्टीने धोक्याचे ठरतात. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. श्वासनलिकांतील श्लेष्म्याच्या एका प्रथिनाशी निगडित असलेल्या एमयूसी-५बी या जनुकातील बदलामुळे संधिवाताभ संधिशोथात फुप्फुसे तंतुमय होण्याचा धोका वाढतो, असे २०१८ मध्ये दाखविण्यात आले.

आकुंचित फुप्फुस विकार : हा मुख्यतः ल्यूपसमध्ये व तोही शंभरात एखाद्या किंवा त्याहून कमी रोग्यांत आढळतो. श्रमाने धाप लागते, आडवे झाल्यावर ती वाढते व दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येते. क्ष-किरण चित्रात मध्यपटल (छाती व उदर यांमधील स्नायूचा पडदा) दोन्ही बाजूंना वर चढलेले व फुप्फुसे आकाराने लहान झालेली दिसतात, परंतु खुद्द फुप्फुस स्वच्छ असते. श्वसनमापनात फुप्फुसांची धारणाशक्ती घटलेली आढळते, पण घटलेल्या आकारमानाच्या मानाने वायूंची देवघेव जवळजवळ प्राकृत (सर्वसाधारण) असते.

या विसंगतीचे कारण वादग्रस्त आहे. हॉफब्रँड व बेक यांच्या मूळ वर्णनानंतर मध्यपटलाची दुर्बलता, त्यास जाणाऱ्या तंत्रिकेची (मज्जेची) विकृती आणि परिफुप्फुसाच्या वेदनेमुळे दीर्घ श्वास घेण्याची क्रिया प्रतिक्षेपाने आखडणे, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे पुढे आली. दीर्घकाळ पुरेसे न फुगल्यामुळे फुप्फुसांची लवचिकता कमी होते, हे तिसऱ्या मताशी जुळते. क्ष-किरण चित्र स्वच्छ असल्याने रोग्याची धाप मानसिक समजली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः स्टेरॉइडे व प्रतिरक्षा दाबणारी इतर औषधे यांनी बहुतेक रोग्यांची स्थिती सुधारते किंवा निदान स्थिर राहते.

वायुकोशांतील रक्तस्राव : केशिकांच्या भित्तींचा शोथ होऊन त्या फाटतात व दोन्ही फुप्फुसांतील वायुकोश रक्ताने भरतात. ल्यूपसमध्ये हा उपद्रव विरळ असून मूत्रपिंडशोथ असलेल्या रोग्यांत तो अधिक दिसतो. काही तासांत ते काही दिवसांत धाप, खोकला व ज्वर उद्‍भवतात. थुंकीतून रक्त पडणे हे लक्षण अपेक्षित असले, तरी अनेक रोग्यांत ते नसते. कारण रक्त वायुकोशांतच साचून राहते. अशा वेळी रक्तातील हीमोग्लोबिन अकस्मात घटणे आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना पसरलेल्या छाया दिसणे, या दोन गोष्टी एकत्र आल्यास या उपद्रवाची शंका घ्यावी लागते. श्वासनलिकादर्शकातून फुप्फुसाचा एक भाग लवणद्रावाने लागोपाठ धुतला असता परत येणारा द्रव दर खेपेस अधिक तांबडा होत जातो आणि त्यावरून निदान पक्के होते.

पूर्वीच्या वृत्तांतांत अशा रोग्यांपैकी सुमारे निम्मे दगावत. मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड ५०० ते १,००० मिग्रॅ. मात्रेत लागोपाठ तीन दिवस शिरेतून देणे, त्यास सायक्लोफॉस्फामाइड अथवा रिटक्सिमॅब यांची जोड देणे, प्रसंगी रोग्याचा रक्तद्रव (रक्तातील कोशिकाविरहित द्रव भाग) बदलणे व कृत्रिम श्वसनाचा आधार या उपायांनी ते प्रमाण घटले आहे. मात्र संसर्गजन्य फुप्फुसशोथ समजून केवळ प्रतिजैव औषधांवर घालविलेले दिवस रोग्यास महाग पडतात.

तीव्र ल्यूपस फुप्फुसशोथ : हा वरील विकाराशी निकटचा असून त्यात वायुकोशांच्या भित्तींचा तीव्र शोथ होतो. ज्वर, खोकला, धाप व छातीतील वेदना ही लक्षणे जंतुसंसर्गाने होणाऱ्या फुप्फुसशोथासारखीच असल्याने थुंकी, रक्त व धावनद्रव यांच्या परीक्षेने संसर्ग वगळल्यावरच निदान करता येते. १९७५ मध्ये अमेरिकेत अशा बारा रोग्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले, ते या विषयावरील आधारभूत वर्णन मानले जाते. कधीकधी हाच ल्यूपसचा पहिला आविष्कार असतो. बरे झालेल्या काही रोग्यांत पुढे फुप्फुसाची तंतुमयता शिल्लक राहते.

संधिवाताभ गाठी व कॅप्लन विकार : संधिवाताभ संधिशोथाच्या रोग्यांच्या कोपरावर जशा कठीण गाठी येतात, तशाच कधीकधी फुप्फुसांत, विशेषतः परिफुप्फुसालगत येतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु गाठीचा मध्यभाग मृत होऊन पोकळी निर्माण झाल्यास व ती परिफुप्फुसाच्या पोकळीत फुटल्यास छातीत हवा शिरून फुप्फुस मिटते. धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीत एकच गाठ आढळल्यास ती कर्करोगाची नाही याची खात्री जीवोतक परीक्षेने (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने) करून घ्यावी लागते.

कॅप्लन यांनी वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास केला, तेव्हा संधिवाताभ संधिशोथ असलेल्या कामगारांत ०·५ ते ५ सेंमी. व्यासाच्या ठळक कडेच्या वाटोळ्या छाया त्यांना आढळल्या. धुळीमुळे फुप्फुसांत होणाऱ्या नेहमीच्या बदलांहून त्या वेगळ्या होत्या. त्या थोड्याच काळात, काही वेळा सांधे सुजण्यापूर्वीच उमटत. धूळ व प्रतिरक्षा यंत्रणेचा बिघाड ही दोन कारणे एकत्र आली म्हणजे कोणा एकाने न घडणारी विकृती निर्माण होते, हे या विकाराने दाखवून दिले. पुढे सिलिका व ॲस्बेस्टस यांच्याशी संबंध येणाऱ्या कामगारांतही तो आढळला.

सूक्ष्म श्वासनलिकांचा अवरोध : २ मिमी.पेक्षा कमी व्यासाच्या श्वासनलिकांच्या भित्तींत तंतुमय ऊतक वाढून त्या आवळल्या जातात व अखेरीस बुजतात. १९७७ मध्ये ब्रिटिश वैद्यांनी या विकाराचा संधिवाताभ संधिशोथाशी असलेला संबंध दाखविला. कोरडा खोकला व वाढती धाप ही लक्षणे दम्यासारखी असतात, परंतु श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. क्ष-किरण चित्र प्राकृत असू शकते. श्वास सोडलेल्या अवस्थेत सीटी स्कॅन केल्यास हवा अडकलेले भाग काळसर व उरलेले करडे असे ठिगळांसारखे चित्र दिसते आणि निदानास मदत होते. झालेली हानी भरून येत नाही. म्हणून उपचारांचा हेतू विकार आहे तेथे थांबविणे एवढाच असतो.

शीघ्रगती फुप्फुसशोथ : त्वक्‌स्नायुशोथाच्या एका प्रकारात पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या सांध्यांवर तांबडे चट्टे, तळहातावर दुखऱ्या पुटकुळ्या व त्वचेवर व्रण दिसतात, पण स्नायूंची दुर्बलता नसते किंवा अल्प असते. अशा रोग्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड असल्याचे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. ते विषाणूंच्या आरएनएची चाहूल घेणाऱ्या एमडीए-५ या प्रथिनाविरुद्ध असते, हे २००९ मध्ये निश्चित झाले. या रोग्यांपैकी पुष्कळांत फुप्फुसशोथ काही आठवड्यांत इतका वाढतो की, श्वसन अपुरे पडून मृत्यू ओढवतो. बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात. पूर्व आशियातील लोकांत हा प्रकार अधिक आढळला आहे. रक्तातील फेरिटिन या लोहसंचयी प्रथिनाची पातळी फार वाढणे हे अशुभ लक्षण होय. काही रोग्यांत दोन फुप्फुसांमधील जागेत आपोआप हवा शिरते व ती त्वचेखाली मानेपर्यंत पसरते. मानेवर बोट दाबल्यास त्वचेखाली करकर जाणवते.

स्नायू बळकट आहेत म्हणून स्नायुरोग नाही, असे येथे म्हणता येत नाही. निदान प्रामुख्याने त्वचेवरून होते, म्हणून प्रत्येक धाप लागणाऱ्या रोग्याचे हात पाहणे आवश्यक ठरते. प्रतिपिंडाचा अहवाल येईपर्यंत न थांबता स्टेरॉइडे, टॅक्रोलिमससारखे औषध व सायक्लोफॉस्फामाइड ही तिन्ही एकदम सुरू करण्याची पद्धत प्रथम जपानमध्ये अवलंबिली गेली व ती इतरत्रही पसरली.

याच गटातील दुसरा प्रकार अधिक संथ आहे. त्यात ट्रान्सफर आरएनएला ॲमिनो अम्ले जोडणाऱ्या एंझाइमांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यांपैकी १९८० मध्ये वर्णिलेले जो-१ हे सर्वांत परिचित आहे. ज्वर, सांधेदुखी, थंडीने बोटे पांढरी-निळी पडणे, यंत्रशाळेत काम करणाऱ्याच्या हातांसारखी बोटांच्या कडांची भेगाळलेली त्वचा आणि फुप्फुसशोथ ही त्याची लक्षणे होत. कित्येकदा फुप्फुसशोथ प्रथम येतो व स्नायूंची लक्षणे पुष्कळ उशिरा प्रकट होतात.

फुप्फुस रोहिणींतील अतिरिक्त रक्तदाब : त्वक्‌काठिण्याच्या सुमारे दहा टक्के रोग्यांत फुप्फुसांतील लहान रोहिण्यांच्या भित्ती जाड होऊन त्यांचा पोकळ भाग अरुंद होतो. त्यामुळे हृदयाच्या उजव्या निलयास (खालच्या कप्प्यास) अधिक जोराने रक्त ढकलावे लागते व कालांतराने ते थकते. जिना चढताना धाप लागणे हे पहिले लक्षण असते. पायांवर सूज व मूर्च्छा ही उशिराची लक्षणे होत. ज्यांची त्वचा केवळ बोटे व चेहरा एवढ्यापुरतीच घट्ट झाली आहे व ज्यांच्या बोटांचा रंग थंडीत अनेक वर्षे बदलत आला आहे, अशा सौम्य वाटणाऱ्या रोग्यांत हा उपद्रव विशेष आढळतो. फुप्फुसांची धारणाशक्ती टिकून असताना त्यांची वायू शोषण्याची क्षमता घटत जाणे ही त्याची पूर्वसूचना मानतात.

निश्चित निदान उजव्या हृदयात नलिका घालून दाब मोजल्यावरच होते. पूर्वी फुप्फुस रोहिणीतील विश्रांतीच्या वेळचा सरासरी दाब पाऱ्याच्या २५ मिमी. इतका किंवा अधिक असल्यास तो विकृत मानीत. २०२२ मधील यूरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ही मर्यादा २० मिमी.पेक्षा अधिक अशी खाली आणली. ल्यूपस व मिश्र संयोजी ऊतक रोग यांतील अशा रक्तदाबावर प्रतिरक्षा दाबणाऱ्या औषधांचा उपयोग होऊ शकतो. त्वक्‌काठिण्यात तसा तो होत नाही व रोहिण्या रुंदावणाऱ्या औषधांवरच भिस्त ठेवावी लागते. क्वचित विकृती रोहिण्यांऐवजी फुप्फुसांतील सूक्ष्म नीलांत असते. अशा रोग्यास हीच औषधे दिल्यास फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो.

लसीका कोशिकांचे विकार : शेग्रेन विकारात अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांत जशा लसीका कोशिका (पांढऱ्या कोशिकांचा एक प्रकार) शिरतात, तशाच त्या फुप्फुसांतही शिरू शकतात. सीटी स्कॅनमध्ये पातळ भित्तीच्या वाटोळ्या पोकळ्या दिसतात. कोरडे डोळे व कोरडे तोंड यांबरोबर अशा पोकळ्या आढळल्यास हे निदान संभवते. काही रोग्यांत ॲमिलॉइड या विकृत प्रथिनाच्या गाठी होतात. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३६ अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत लसीका कोशिकांच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे ४४ पट आढळले. नंतरच्या पाहण्यांत वाढ कमी दिसली, तरी धोका आहे हे कायम राहिले. हा कर्करोग फुप्फुसातही उद्‍भवू शकतो. त्यामुळे वाढणारी गाठ, घटणारे वजन व सुजलेली लालाग्रंथी यांची उपेक्षा करू नये.

औषधजन्य विकार व संसर्ग : रोगावर दिलेले औषधही फुप्फुसास बाधक ठरू शकते. संधिवाताभ संधिशोथात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्झेटमुळे थोड्या रोग्यांत, बहुधा पहिल्या वर्षात, कोरडा खोकला, ज्वर व धाप यांसह तीव्र फुप्फुसशोथ होतो. औषध तत्काळ बंद करणे हा पहिला उपाय होय. मात्र या औषधाने फुप्फुसे हळूहळू तंतुमय होतात, ही जुनी समजूत अलीकडील अभ्यासांत टिकलेली नाही. म्हणून केवळ भीतीपोटी ते टाळणे योग्य नव्हे.

भारतासारख्या देशात क्षयरोग हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तो दोन्ही बाजूंनी दिशाभूल करतो. संयोजी ऊतक रोगामुळे फुप्फुसांत दिसणाऱ्या छाया क्षयाच्या समजून जंतू न सापडताही महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जातात आणि मूळ रोग वाढत राहतो. याउलट स्टेरॉइडे घेणाऱ्या रोग्यात खरोखरच उफाळलेला क्षय मूळ रोगाचाच भाग समजला जातो. ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टर या द्रव्याचा प्रतिबंध करणाऱ्या औषधांमुळे सुप्त क्षय जागृत होतो हे २००१ मध्ये निदर्शनास आले. तेव्हापासून अशी औषधे देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात. त्याशिवाय न्यूमोसिस्टिस या कवकाच्या संसर्गाचाही धोका असतो व तो टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात.

निदान : रोग्याची हकीकत व शारीरिक तपासणी यांना या विकारांत असाधारण महत्त्व आहे. सकाळी सांधे आखडणे, थंडीत बोटांचा रंग बदलणे, तोंडातील व्रण, केस गळणे, उन्हाने त्वचेवर चट्टे उठणे, कोरडे डोळे, घास गिळताना अडखळणे यांविषयी धाप लागणाऱ्या रोग्यास मुद्दाम विचारावे लागते. उलटपक्षी सांधे दुखत असल्यामुळे ज्यांचे चालणेफिरणे आधीच कमी झालेले असते, अशा रोग्यांस धाप उशिरा जाणवते, हेही लक्षात ठेवावे लागते. पाठीच्या खालच्या भागावर श्रवणनळी लावली असता दीर्घ श्वासाच्या अखेरीस येणारा चरचर आवाज तंतुमयतेचा सूचक असतो.

श्वसनमापन, फुप्फुसांच्या वायू शोषण्याच्या क्षमतेचे मापन, सहा मिनिटांत चालता येणारे अंतर, उच्च विभेदनक्षमतेचे सीटी स्कॅन, हृदयाची श्राव्यातीत ध्वनीने केलेली तपासणी व रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा या प्रमुख कसोट्या होत. बोटास चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजण्याची पद्धत सोयीची असली, तरी थंडीने बोटांचे रक्ताभिसरण घटलेल्या रोग्यांत ती चुकीचा आकडा दाखविते. अशा वेळी कपाळावर किंवा कानाच्या पाळीवर मापन करतात. जीवोतक परीक्षेची गरज आता थोड्याच रोग्यांत भासते. ज्यांच्यात आत्मप्रतिरक्षेच्या खुणा आहेत, पण कोणत्याही एका रोगाची व्याख्या पूर्ण होत नाही, अशा फुप्फुसशोथाच्या रोग्यांसाठी २०१५ मध्ये यूरोपीय व अमेरिकन तज्ञांनी एक वेगळा वर्ग सुचविला.

चिकित्सा : शोथ व तंतुमयता यांतील भेद हा चिकित्सेचा पाया आहे. शोथ औषधांनी ओसरतो. तयार झालेले तंतुमय ऊतक नाहीसे करणारे औषध उपलब्ध नाही. म्हणून उपचार लवकर सुरू करण्यावर भर असतो. तीव्र विकारांत स्टेरॉइडे मोठ्या मात्रेत देतात. त्वक्‌काठिण्यात मात्र ती जपून वापरावी लागतात, कारण मोठ्या मात्रेमुळे मूत्रपिंडांचे कार्य अकस्मात बंद पडण्याचा धोका असतो.

त्वक्‌काठिण्यातील तंतुमयतेवर सायक्लोफॉस्फामाइडचा माफक उपयोग होतो, हे अमेरिकेत १५८ रोग्यांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४२ रोग्यांच्या चाचणीत मायकोफेनोलेट हे तितकेच गुणकारी व अधिक सुसह्य ठरले. २०१९ मध्ये ५७६ रोग्यांवरील चाचणीत निन्टेडॅनिब या तंतुनिर्मितिरोधक औषधाने श्वासधारणाशक्तीतील वार्षिक घट ९३·३ मिलि.वरून ५२·४ मिलि.वर आल्याचे आढळले. २०२१ मध्ये टोसिलिझुमॅब या औषधास अमेरिकेत याच उपयोगासाठी मान्यता मिळाली. निवडक रोग्यांत स्वतःच्या मूल कोशिकांचे प्रतिरोपण व अखेरचा उपाय म्हणून फुप्फुसांचे प्रतिरोपण करतात. ऑक्सिजन, श्वसनाचे व्यायाम, आम्लपित्त घशाशी येण्यावरील उपचार आणि इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोकॉकस यांविरुद्धच्या लसी हे साहाय्यक उपाय होत.

फलानुमान व प्रतिबंध : पूर्वी त्वक्‌काठिण्याचे रोगी मुख्यतः मूत्रपिंडाच्या उपद्रवाने दगावत. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिलच्या वर्गातील औषधे आल्यावर तो उपद्रव आटोक्यात आला आणि मृत्यूचे प्रमुख कारण म्हणून फुप्फुसविकारांना पहिले स्थान मिळाले. इतर रोगांतही फलानुमान (रोगाच्या संभाव्य परिणामाविषयीचा अंदाज) विकाराच्या प्रकारावर व निदानाच्या वेळेवर अवलंबून असते. आकुंचित फुप्फुस विकार व संधिवाताभ गाठी यांत ते बहुधा चांगले, सूक्ष्म श्वासनलिकांच्या अवरोधात असमाधानकारक, तर वायुकोशांतील रक्तस्राव व शीघ्रगती फुप्फुसशोथ यांत पहिल्या काही दिवसांतील निर्णयांवर ठरणारे असते.

मूळ रोग टाळण्याचा खात्रीचा उपाय ज्ञात नाही. धूम्रपान वर्ज्य करणे व दगडाच्या धुळीपासून संरक्षण करणे, हे उपाय मात्र हाती असलेले आहेत. त्वक्‌काठिण्याच्या रोग्यांची निदानाच्या वेळी व पुढे ठराविक काळाने श्वसनमापन व हृदयाची तपासणी करण्याची प्रथा आहे. संयोजी ऊतक रोगाच्या कोणत्याही रोग्यास नव्याने धाप लागू लागली किंवा कोरडा खोकला काही आठवडे टिकला, तर तो वयाचा, अशक्तपणाचा किंवा हवामानाचा परिणाम न मानता फुप्फुसांची तपासणी करून घेणे इष्ट असते.